सहाव्या लाइनचे अकरा दिवस

रुचिरा घाडीगावकर त्या कारखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि टायपिंग येतं एवढंच भांडवल घेऊन आली होती. मुलुंडला, मोठ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत हा कारखाना. मलमांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबा इथे बनायच्या. नाण्याएवढी जाड टिकली प्रेसमध्ये ठेवायची, वरून दाब पडला की तिची पातळ नळी होऊन उभी राहते. मग ती कापायची, आटे पाडायचे, भट्टीत मऊ करायची, रंगवायची, टोपण लावायचं. हे सगळं ओळीने करणाऱ्या मशिनांच्या रांगेला तिथे लाइन म्हणत. अशा सहा लाइनी होत्या.

रुचिराला ऑफिसात बसवलं होतं, पण तिचा पाय तिथे ठरायचा नाही. कुठली ऑर्डर कधी निघणार हे टाइप करायचं तिचं काम. ती मात्र उठून खाली जायची आणि खरंच निघणार का ते विचारून यायची. प्रेसवरचे धाकू मेस्त्री तिला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "गो बाय, कागदार लिवलेला आनी मशिनीत्सून येणारा, दोनांत फरक आसता." हा फरक ओळखायला ती धाकूंकडेच शिकली. आवाजावरून प्रेसचं दुखणं कसं कळतं, कुठला माणूस 'होईल' म्हणाला की होत नाही आणि कुठला 'बघतो' म्हणाला की नक्की होतं, हे सगळं. बावीस वर्षांत ती टायपिस्टची प्लॅनिंग मॅनेजर झाली. लग्न केलं नाही, म्हणजे जमलं नाही आणि मग विषय मागे पडला. घाटकोपरच्या भटवाडीत ती आणि आई, दोघीच. आईला ती घरी आल्यावर कारखान्यातल्याच गोष्टी सांगायची, त्यामुळे आईला कारखान्यातल्या निम्म्या लोकांची मुलं कितवीत आहेत तेसुद्धा पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, मालकांचा मुलगा सर्वेश याने तिला अंधेरीच्या मुख्य ऑफिसात बोलावून घेतलं. सर्वेश पस्तिशीचा, बाहेर शिकून आलेला, वागायला नम्र. कधी कुणावर आवाज चढवला असं झालं नाही. त्याने चहा मागवला आणि सरळ सांगितलं, की मुलुंडचा कारखाना बंद करून सहाही लाइनी सिल्वासाला न्यायच्या आहेत.

रुचिराला हे अगदीच नवं नव्हतं. कुजबुज वर्षभर होती. पण कुजबुज ऐकणं वेगळं आणि मालकाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"बाहेरच्या कंपनीला काम देऊ शकतो," सर्वेश म्हणाला. "पण मशिनं चाळीस वर्षांची आहेत. ड्रॉइंग्ज अर्धी हरवलीत. ती कशी सुटतात आणि कशी जुळतात हे फक्त आपल्या लोकांना माहितीय. आणि एक लाइन हलवताना बाकीच्या चालू राहिल्या पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाइकं जातील. आठ महिने. टीम तुम्ही निवडा, प्रोजेक्ट तुम्ही चालवा."

"स्वतःचीच नोकरी उचलून ट्रकात भरायला कोण येईल, सर?"

"तुमच्या टीममध्ये जे असतील त्यांची नोकरी जाणार नाही. सिल्वासाला, नाहीतर इथल्या ऑफिसात, नाहीतर भिवंडीच्या गोडाऊनला. सगळ्यांना घेऊ. हा माझा शब्द."

"लेखी मिळेल?"

"मिळेल ना. एचआर करतंय. तोवर तुम्ही सांगा त्यांना. तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा."

हे शेवटचं वाक्य ऐकून रुचिराला बरं वाटलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच बरं वाटण्याची.

टीमसाठी तिला अकरा माणसं हवी होती. ऑफिसातून हुद्द्याप्रमाणे यादी आली, ती तिने बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा गेली ती भांडुपला कोकणनगरात, धाकूंच्या घरी. धाकू तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. कारखाना हलवण्याच्या ते उघड विरोधात होते. गेटवरच्या सभेत बोललेही होते.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपल्याच घराची कौलां उतरूक तू माका बोलवतंस."

"कौलं उतरणारच आहेत, धाकूकाका. तुम्ही नाही उतरवलीत तर दुसरा कुणीतरी फोडून काढेल. आणि आपल्या टीमला पुढे काम आहे."

"ह्या त्येनी सांगल्यान, काय तू सांगतंस?"

'त्यांनी सांगितलं' असं म्हटलं तर धाकू येणार नाहीत, हे रुचिराला स्वच्छ दिसत होतं.

"मी सांगते," ती म्हणाली.

"मगे येतंय," धाकू म्हणाले.

धाकू आले म्हटल्यावर बाकीचे आलेच. टोपणं लावणाऱ्या बायकांची सुपरवायझर विमला कदम आली. ती रुचिराची मैत्रीण. दोघी बरोबरच लागलेल्या, एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या. वेसाव्याचा विपुल तांडेल आला. विपुल इलेक्ट्रिशियन, चौतीस वर्षांचा, हुशार आणि तितकाच तिखट. त्याचं आणि धाकूंचं चार वर्षं बोलणं बंद होतं. कधीतरी प्रेसचा पॅनेल जळला होता आणि दोघांनी एकमेकांवर बोट दाखवलं होतं. लोकांनी रुचिराला सांगितलं, हे दोघं एका टीममध्ये नको घेऊ, वाट लागेल. तिने दोघांनाही घेतलं आणि प्रेस सोडवायचं काम दोघांना मिळून दिलं. वायर विपुल सोडणार, पण कुठली वायर कशाची आहे हे धाकू सांगणार आणि विपुल तिला चिठ्ठी बांधणार. पहिले चार दिवस दोघं एकमेकांशी विमलामार्फत बोलले. "त्यांना सांग, ही निळी कुठे जाते," विपुल म्हणायचा, आणि धाकू हातभर अंतरावर उभे असायचे. पाचव्या दिवशी विमला वैतागून निघून गेली. मग त्यांना बोलावंच लागलं.

रुचिराचे नियम दोनच होते. रोज सकाळी साडेआठला भट्टीपाशी उभ्यानेच दहा मिनिटं जमायचं, आणि तिथे ती एकच प्रश्न विचारणार: कुठे अडलंय? काय झालं, किती झालं हे नाही. जे अडलंय ते त्याच दिवशी सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोलणार नाही. लपवणाऱ्याला मात्र ती स्वतः बोलेल.

सुरुवातीला सगळे म्हणायचे, काही नाही अडलेलं. पहिली लाइन चोवीस दिवसांत जायची होती. पंधराव्या दिवशी सिल्वासाहून फोन आला की टोपणाच्या मशिनचे साचे आलेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खाली मान घालून उभे होते. रुचिरा म्हणाली, "आधी माझं सांगते. दुसऱ्या ट्रकचे कागद मी करायला विसरले. तो नाक्यावर दीड दिवस उभा होता. चूक माझी." मग जरा वेळाने विमला म्हणाली, "साच्यांची पेटी माझ्याकडे राहिली. मला आठवडाभर माहितीय. भीती वाटली म्हणून बोलले नाही."

"बरं. आज जाईल का?"

"दुपारच्या गाडीने."

"झालं तर मग," रुचिरा म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

त्या दिवसापासून लोक बोलायला लागले. पहिल्या लाइनला एकतीस दिवस लागले, दुसरीला बावीस, तिसरीला एकोणीस. धाकू आणि विपुल सिल्वासाला जोडीने जाऊन मशिनं उभी करून यायला लागले. तिथल्या लॉजमध्ये एका खोलीत राहायचे, आणि विपुलची आई धाकूंसाठी वेगळे सुके बोंबील बांधून द्यायची. रुचिराने आणखी एक गोष्ट करायला लावली. ज्याला जे येतं ते त्याने वहीत उतरवायचं. प्रेसचा आवाज जड झाला तर काय बघायचं, भट्टी पावसाळ्यात किती अंशांवर ठेवायची, रंग ओघळायला लागला तर आधी काय बंद करायचं. धाकूंना लिहायचा कंटाळा, म्हणून ते बोलायचे आणि विमला मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी लिहून काढायची. सिल्वासाच्या नव्या पोरांना सोपं जाईल, रुचिरा म्हणायची. अकरा माणसांच्या हातातलं चाळीस वर्षांचं काम बारा वह्यांत आलं. अंधेरीच्या ऑफिसात त्या वह्यांचं फार कौतुक झालं.

एचआरचं पत्र मात्र आलं नव्हतं. ती दर महिन्याला विचारायची, आणि दर महिन्याला 'सहीला आहे' असं उत्तर यायचं. टीमला ते पत्र हवं होतं असंही नाही. एकदा विपुलने विचारलं तेव्हा धाकूच म्हणाले, "तिना सांगल्यान ना? मगे कागद कित्याक होयो?"

पाचव्या लाइनचा शेवटचा ट्रक निघाला त्या बुधवारी सर्वेशने तिला पुन्हा अंधेरीला बोलावलं. पुन्हा चहा आला. त्याने आधी आकडे वाचले. ठरल्यापेक्षा पाच आठवडे आधी चाललंय, एकही ऑर्डर चुकली नाही. मग म्हणाला, कंपनीत नवे भागीदार आलेत, त्यांनी माणसांचा सगळा हिशेब नव्याने मांडलाय. सिल्वासाला कंत्राटी मुलं तयार झाली आहेत. भिवंडीच्या गोडाऊनचं काम बाहेर दिलं. मुलुंडच्या कुणालाच पुढे घेता येणार नाही. बाकीच्या कामगारांना जी भरपाई मिळाली तीच यांनाही मिळेल.

"आणि तुमचा शब्द?" रुचिराने विचारलं.

"मी भांडलो त्यांच्याशी. खरंच भांडलो. फक्त तुम्हाला ठेवू शकलो." त्याने एक लिफाफा पुढे केला. हैदराबादला एक कारखाना घेतलाय, तो हलवायचा आहे. तिथे ती प्रोजेक्ट हेड.

तिने लिफाफा उचलला नाही. सर्वेश हळू आवाजात म्हणाला, "एक विनंती आहे. सहावी लाइन निघेपर्यंत हे तुमच्याजवळच राहू द्या. आत्ता कळलं तर काम थांबेल, आणि काम थांबलं तर जे मिळणार आहे तेही अडकेल. तुम्ही त्यांच्याच भल्याचा विचार करा."

ती म्हणाली, मला मोठ्या साहेबांना भेटायचंय. मोठे साहेब, म्हणजे सर्वेशचे वडील, लंडनला मुलीकडे गेले होते; पुढच्या रविवारी येणार आणि सोमवारी भेटणार असं ठरलं. बुधवार ते पुढचा सोमवार, म्हणजे बारा दिवस. रुचिराने मनाशी ठरवलं, त्यांना भेटून घेऊ. म्हातारा माणूस धाकूंना नावाने ओळखतो, त्याला पाझर फुटेल. आत्ताच सांगून सगळ्यांचा जीव का घाबरा करायचा? असं तिने स्वतःला समजावलं. हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. भट्टीपाशी उभ्या असलेल्या अकरा जणांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे येत होते आणि तिच्यात ते वाक्य उच्चारायची हिंमत नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेआठला ती भट्टीपाशी उभी राहिली आणि तिने विचारलं, "कुठे अडलंय?"

कुणी म्हणालं क्रेनचा पट्टा झिजलाय. कुणी म्हणालं फळ्या कमी पडतायत. तिने लिहून घेतलं. रविवार धरून अकरा दिवस. तेवढ्यात ती सकाळी नऊ-दहा वेळा तिथे उभी राहिली असेल आणि तेवढ्या वेळा तिने तोच प्रश्न विचारला. घरी आईला तिने काही सांगितलं नाही, पण आईने चौथ्याच दिवशी विचारलं, "कारखान्यातलं काही बोलत नाहीस हल्ली. भांडलीस का विमलाशी?"

अकराव्या दिवशी, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसले होते. विमलाने कोलंबीचं सुकं आणलं होतं. बोलता बोलता विपुल म्हणाला, "धाकूकाकांना ऑफर आली, तुम्हाला सांगितलं का त्यांनी? वागळे इस्टेटमधून. साचे बनवणारा कारखाना आहे. मालक स्वतः घरी आला होता."

रुचिराने डबा खाली ठेवला. "कधी?"

"झाले चार दिस," धाकू म्हणाले. "मी नको म्हणान सांगलंय. आपला हय ठरलेला आसा, मगे त्येका कित्याक लटकत ठेवचो?" आणि त्यांनी भाताला हात घातला.

रुचिरा उठली. हात धुवायचं निमित्त करून ती मागच्या अंगणात गेली, विपुलला बाहेर बोलावून त्या मालकाचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. मालक सज्जन होता. म्हणाला, मेस्त्रींसाठी मी दोनदा विचारलं हो, पण त्यांनी ठाम नाही सांगितलं. मला थांबता येत नव्हतं. काल दुसरा माणूस रुजू झाला. आणखी एक घ्यायची सोय असती तर घेतलं असतं.

ती तिथेच रिकाम्या पिंपांच्या रांगेपाशी उभी राहिली. चार दिवसांपूर्वी, मंगळवारी, म्हणजे तिला कळून सहा दिवस होऊन गेले होते. त्या सहा दिवसांत तिने तोंड उघडलं असतं तर धाकू वागळे इस्टेटला असते. यात सर्वेश नव्हता, भागीदार नव्हते. एवढं तिचं एकटीचं होतं.

मोठ्या साहेबांची भेट परवावर आली होती. ती थांबली नाही. आत जाऊन तिने सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. भट्टी आठवड्यापूर्वीच थंड केली होती. दुपारी बोलावलं म्हणून सगळ्यांना नवल वाटलं; विमला ओले हात पुसत आली.

रुचिराने सांगितलं. पाल्हाळ न लावता, चार वाक्यांत. कुणालाच घेणार नाहीत. सिल्वासा नाही, भिवंडी नाही, अंधेरी नाही. मला ठेवतायत.

मग विपुलने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला गेलं नसतं.

"मागच्या बुधवारच्या आधीचा बुधवार," ती म्हणाली. "आजचा अकरावा दिवस."

विमला तिच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिने रुचिराकडे असं बघितलं नव्हतं. "अकरा दिवस रोज सकाळी उभी राहून विचारत होतीस गं," ती म्हणाली. "कुठे अडलंय, कुठे अडलंय. आणि आम्ही आपले फळ्या आणि पट्टे सांगत होतो."

"मला वाटलं, मोठ्या साहेबांना भेटून..."

"पेटी राहिली होती तेव्हा मला भीती वाटत होती. तरी मी बोलले की नाही? तुझ्यामुळे बोलले."

विपुलने हातातला टेस्टर जमिनीवर ठेवला, फेकला नाही, ठेवला, आणि म्हणाला, "बस झालं. सहावी लाइन त्यांची त्यांनी काढावी. एक वायर मी सोडणार नाही आता. बघू दे कशी जुळवतात."

दोघे-तिघे 'बरोबर आहे' म्हणाले. सगळ्यांनी धाकूंकडे बघितलं. धाकू प्रेसच्या चौथऱ्यावर बसले होते. वागळे इस्टेटबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाही नाही, आणि पुढेही कधी नाही.

"वायरी सोड, विपल्या," शेवटी ते म्हणाले. "अर्धवट सोडून गेलंव तर ते करवतीन कापून न्हेतले. मशिनीन आपला काय वायट केल्यान?"

मग ते रुचिराकडे वळले. वीस-बावीस वर्षं 'बाय' म्हणणारा तो माणूस शुद्ध, परक्या मराठीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही जा ऑफिसात. आम्ही बघतो."

ती गेली.

सोमवारी मोठ्या साहेबांची भेट झाली. ते पाऊण तास बोलले, जुन्या आठवणी काढल्या, धाकूंचं नाव निघाल्यावर डोळेही पुसले. आणि म्हणाले, आता सगळं सर्वेशच बघतो. तिने आग्रह धरून एवढं मिळवलं की अकराही जणांना अनुभवाची पत्रं मिळतील आणि ती पत्रं ती स्वतः लिहील. तिने ती लिहिली. ठरावीक मजकूर घातला नाही. विपुलच्या पत्रात लिहिलं की ड्रॉइंग्ज नसलेल्या मशिनांच्या चार हजार वायरी याने एकही चूक न करता पुन्हा जोडल्या. विमलाच्या पत्रात लिहिलं की स्वतःची चूक सर्वांसमोर सांगणारी टीममधली ही पहिली. धाकूंचं पत्र तिने पाच वेळा लिहिलं. शेवटी जे दिलं ते सगळ्यांत लहान होतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला ती भट्टीपाशी गेली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. सगळे आधीच कामाला लागलेले. तिने एकाला विचारलं, मीटिंग? तो ओशाळून म्हणाला, "झाली, मॅडम. सव्वाआठला केली." कोण काय करणार, क्रेन कधी, ट्रक कधी, सगळं त्यांनी त्यांचं ठरवलं होतं. विपुल आणि धाकू एकमेकांकडे न बघताच हत्यारं देत-घेत होते. विमलाकडे पेट्यांची यादी होती, पेटी गेली की खूण. कुणी कुणावर ओरडत नव्हतं, कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. इतके महिने रुचिरा ज्याच्यासाठी धडपडली होती ते तिच्यासमोर चाललं होतं, आणि त्यात तिला उभं राहायला जागा नव्हती. ती ऑफिसात जाऊन ट्रकचे कागद करत बसली.

सहावी लाइन सोळा दिवसांत निघाली. एवढ्या कमी दिवसांत आधीची एकही निघाली नव्हती. शेवटचा ट्रक गेला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लोकांनी मोकळी जमीन झाडून काढली. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कँटीनमागे सगळ्यांनी मिळून चहा केला. विमलाने एक ग्लास रुचिराच्या टेबलावर आणून ठेवला आणि न बोलता परत गेली.

रुचिराने राजीनामा दिला. हैदराबादचा लिफाफा न फोडता सर्वेशकडे पाठवून दिला. ही बातमी भांडुपला पोचली आणि धाकू काय म्हणाले तेही विपुलकडून तिच्यापर्यंत आलं. "त्येचो आमका काय उपेग?" ते म्हणाले होते. यात राग नव्हता, असं विपुलने आवर्जून सांगितलं. रुचिराला राग असता तर बरं वाटलं असतं. कारण खरंच काही उपयोग नव्हता. तिने नोकरी सोडली म्हणून कुणाची परत येणार नव्हती.

पुढे ज्याचं त्याचं मार्गी लागलं, म्हणजे लागेल तसं लागलं. विपुलला अंधेरीच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. तो फोन करतो, मोजकं बोलतो. विमला घरीच आहे, नातीला शाळेत सोडते-आणते. रुचिरा दोनदा तिच्या घरी जाऊन आली. विमलाने चहा दिला, आईची चौकशी केली, आणि दोन्ही वेळा बोलणं आईच्या गुडघ्यांपाशीच संपलं. धाकू भांडुपलाच खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका छोट्या दुकानात जातात. दिवसभर वेल्डिंग. ज्या माणसाला केसाएवढा फरक बोटाने कळायचा, तो आता गजांना गज चिकटवतो. गणपतीत ती त्यांच्याकडे गेली होती. धाकूंनी तिला पाटावर बसवलं, प्रसाद दिला, मुंबईहून गावच्या गाड्यांना किती गर्दी आहे ते सांगितलं. निघताना तिने म्हटलं, "काका, माझं चुकलं." त्यांनी हात जोडले. म्हणाले, "असू दे, मॅडम. सावकाश जावा."

जिन्यात त्यांची बायको मागून आली आणि तिच्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा ठेवून म्हणाली, "त्यांका वेळ लागतलो." किती, ते त्या माउलीलाही ठाऊक नसावं.

मध्ये सात महिने रुचिरा घरी होती. मग बोरिवलीला लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. समोर इरावती नावाची तिशीतली मॅनेजर होती. तिने रुचिराचा अर्ज दोनदा वाचला. आठ महिन्यांच्या आत सहा लाइनी, अकरा माणसं, एकही ऑर्डर चुकली नाही. ती खूश झाली. "आमच्याकडे नेमकं हेच हवंय," ती म्हणाली. "साइटवरच्या पोरांचं एकमेकांशी पटत नाही. टीम म्हणून कुणी उभं करत नाही त्यांना. तुम्ही घ्याल ना चौदा जण?"

"नको," रुचिरा म्हणाली. "मला वेळापत्रकाचं काम द्या. कुठली लिफ्ट कुठे कधी, सामान कधी, ते मी चोख करीन. माणसं नकोत."

"पण तुमचा अनुभव तर माणसांचाच आहे."

"हो."

ही बाई पुढे काही सांगेल असं इरावतीला वाटलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती, आणि दोघी उगाचच तो आवाज ऐकत राहिल्या.

"ठीक आहे," शेवटी इरावती म्हणाली. "आत्ता वेळापत्रकच बघा. माणसांचं नंतर बोलू."

रुचिरा सोमवारपासून रुजू झाली. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. माणसांचं बोलणं इरावतीने दोनदा काढलं, आणि दोन्ही वेळा रुचिराने कामाचा कागद पुढे सरकवून विषय बदलला.